शब्द बदलल्याने काय बदलते?

वस्तू तीच, माणूस तोच, घटनाही तीच. मग तिच्यासाठी कोणता शब्द वापरायचा यावरून एवढा वाद कशासाठी? शासकीय परिपत्रकात जुन्या शब्दाच्या जागी नवा आला, पाठ्यपुस्तकात संख्या वाचण्याची रीत बदलली, डॉक्टरांनी एकच गोष्ट दोन रुग्णांना दोन तऱ्हांनी सांगितली, की हा प्रश्न हमखास निघतो. काहींना शब्द म्हणजे वरचे वेष्टन वाटते, तर काहींना शब्द बदलला की जगच बदलेल असे वाटते. शब्दांचा परिणाम कुठे होतो, किती होतो आणि कुठे होत नाही, याचा शोध गेल्या शंभर वर्षांत भाषाशास्त्रज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी बारकाईने घेतला आहे. त्यातले जे चांगले टिकले, ते या प्रकरणात क्रमाने पाहायचे आहे.

१. रिकामी पिंपे

बेंजामिन ली व्होर्फ (१८९७–१९४१) हे अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात आगीचा विमा उतरवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होते. शिक्षण रसायन अभियांत्रिकीचे, काम आगी कशामुळे लागतात ते तपासण्याचे आणि ओढ भाषांची. आगींचे अहवाल वाचताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पेट्रोलने भरलेल्या पिंपांच्या आसपास कामगार सांभाळून वावरत. 'रिकामी' पिंपे ठेवलेल्या जागी मात्र ते बिनधास्त सिगारेट ओढत. प्रत्यक्षात रिकाम्या पिंपात पेट्रोलची वाफ कोंडलेली असते आणि तिचा स्फोट होण्याचा धोका भरलेल्या पिंपाहून जास्त असतो. 'रिकामे' म्हणजे आत काही नाही, आणि आत काही नाही म्हणजे भीती नाही, असा हिशेब कामगारांच्या मनात नकळत होत असे.

एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकलेल्या व्होर्फ यांनी यावरून फार मोठा निष्कर्ष काढला: माणसाची भाषा जशी, तसे त्याला जग दिसते. अमेरिकेतील होपी या आदिवासींच्या भाषेत काळाची कल्पनाच आपल्यासारखी नाही, असे त्यांनी लिहिले. पुढे एकेहार्ट मालोत्की यांनी होपी भाषेचा तपशीलवार अभ्यास करून १९८३ मध्ये दाखवून दिले, की त्या भाषेत दिवस, ऋतू, आधी, नंतर हे सारे सांगण्याची भरपूर साधने आहेत. एस्किमोंकडे बर्फासाठी शेकडो शब्द असतात ही दंतकथाही अशीच फुगत गेली. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९११ मध्ये दिलेल्या उदाहरणात असे मोजके चारच शब्द होते.

भाषा म्हणजे विचाराचा तुरुंग, हा टोकाचा दावा आज जवळजवळ कोणीही मानत नाही. बोलायला न शिकलेले तान्हे मूलही वस्तू ओळखते, अपेक्षा करते, चकित होते. 'शब्द जिभेवर आहे पण आठवत नाही' असे म्हणणाऱ्या माणसाच्या मनात कल्पना असतेच, फक्त नाव हाताला लागत नसते.

मग उरते काय? उरतो एक सौम्य पण भक्कम दावा. शेतात पाटाचे पाणी सोडले की ज्या वाफ्याचे दार उघडे असेल त्या वाफ्यात ते आधी शिरते. बाकीचे वाफे कायमचे कोरडे राहतात असे नाही, पण तिकडे पाणी वळवायला कोणीतरी फावडे घेऊन उठावे लागते. शब्द लक्षाच्या बाबतीत हेच काम करतो. घाईत, अंधुक आठवणीत किंवा दुविधेत असलेला माणूस फावडे घेऊन उठत नाही, आणि नेमक्या अशाच वेळी शब्दाचा परिणाम सर्वांत जास्त दिसतो.

२. मोजण्याचे शब्द

ब्राझीलच्या अमेझॉन जंगलात राहणाऱ्या पिराहा लोकांच्या भाषेत नेमक्या संख्यांसाठी शब्द नाहीत. थोडे, जास्त, पुष्कळ अशा अर्थाचे शब्द आहेत. पीटर गॉर्डन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की दोन-तीन वस्तूंपर्यंत हे लोक अचूक असतात आणि संख्या वाढली की अंदाजाने चालतात. २००८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हाच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला आणि खरी गंमत तिथे कळली. समोर मांडलेल्या वस्तूंइतक्याच वस्तू एकासमोर एक ठेवायला सांगितल्या, तर पिराहांना ते मोठ्या संख्येसाठीही जमे. वस्तू झाकून टाकल्या, की चुका सुरू होत. म्हणजे 'आठ' आणि 'नऊ' यांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत होता. तो डोळ्याआड झाल्यावर धरून ठेवणारी खुंटी, म्हणजे शब्द, त्यांच्याकडे नव्हती.

खुंटी असली तरी ती कशी ठोकली आहे यानेही फरक पडतो, आणि हे मराठीइतके स्पष्ट फार थोड्या भाषांत दिसते. मराठी मूल 'एकवीस' ऐकते तेव्हा आधी एक येतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी २ लिहायचा आणि मग १. 'त्रेसष्ट' आणि 'छत्तीस' यांची अदलाबदल पहिली-दुसरीतल्या असंख्य पाट्यांवर याच कारणाने होते. त्यात 'एकोणतीस' हा वेगळाच पेच. नावात तीस ऐकू येते आणि अंक लिहायचा २ पासून. हा 'एकोण'चा नियम एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि नव्व्याण्णवला मोडतो. पन्नासनंतर 'एकपन्नास' येत नाही, 'एक्कावन्न' येते, सत्तरनंतर 'एकाहत्तर'. थोडक्यात, एक ते शंभर ही जवळजवळ शंभर स्वतंत्र नावे आहेत आणि ती पाठ करण्याखेरीज गत्यंतर नसते.

चिनी भाषेत अकराला 'दहा-एक' आणि एकवीसला 'दोन-दहा-एक' अशा अर्थाची नावे आहेत. दहापर्यंतची नावे आली, की पुढची मुलाला स्वतःच बांधता येतात. केविन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चिनी आणि अमेरिकी बालकांची तुलना केली. दहापर्यंत मोजण्यात दोन्हीकडची मुले सारखीच होती. इंग्रजी नावे जिथे अनियमित होतात, म्हणजे दहाच्या पुढे, तिथे अंतर पडू लागले. घरचे आणि शाळेचे वळण यालाही महत्त्व आहेच, पण अंतर नेमके त्याच टप्प्यावर सुरू व्हावे याचे श्रेय नावांच्या रचनेला द्यावे लागते. जर्मन भाषेतही मराठीसारखे एकक आधी बोलले जाते, आणि अंक उलटे लिहिण्याची चूक तिथल्या मुलांमध्येही वारंवार आढळते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. विषय विधानसभेपर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी नव्या रीतीची बाजू मांडली: अवघड जोडाक्षरे टळतात आणि बोलण्याचा व लिहिण्याचा क्रम एक होतो. कन्नड, तेलुगू, तमिळ या शेजारच्या भाषांत दशक आधी बोलण्याची पद्धत मुळातच आहे. जुनी नावे हा भाषेचा ठेवा आहे, ती बाजारात, म्हणींत, आजी-आजोबांच्या तोंडी राहणार आणि राहायलाच हवीत. पण ज्या वयात मूल दशक-एकक शिकत असते, त्या वयात नावानेच त्याला दशक-एकक सांगितले तर त्याचे ओझे हलके होते, हे म्हणणे निराधार नव्हते. त्या वादात मुलाच्या डोक्यात काय चालते या प्रश्नाची चर्चा फारच थोडी झाली, याची खंत वाटते.

३. उगवती आणि मावळती

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील केप यॉर्क द्वीपकल्पात पोर्मपुराव नावाची वस्ती आहे. तिथल्या कूक थायोर भाषेत माणसाच्या डाव्या-उजव्या अंगावरून जागा सांगण्याची रीत नाही. जे काही सांगायचे ते पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण या शब्दांत सांगतात. लेरा बोरोडित्स्की आणि अॅलिस गॅबी यांनी २०१० मध्ये तिथला एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणूस म्हातारा होत जातो, केळे खाल्ले जाते, अशी क्रमाने लावायची चित्रे लोकांना दिली. मराठी वा इंग्रजी वाचणारा माणूस ती डावीकडून उजवीकडे लावेल. हे लोक ती पूर्वेकडून पश्चिमेकडे लावत. दक्षिणेकडे तोंड करून बसवले तर क्रम डावीकडून उजवीकडे, उत्तरेकडे बसवले तर उजवीकडून डावीकडे आणि पूर्वेकडे बसवले तर समोरून स्वतःच्या अंगाकडे. दिशा कोणती हे त्यांना सांगितलेले नव्हते. बोलण्यासाठी क्षणोक्षणी दिशा लागते, म्हणून ती क्षणोक्षणी मनात जागी असते.

महाराष्ट्राच्या खेड्यांत 'उगवतीचे शेत', 'मावळतीचा बांध' असे बोलणारी माणसे अजून भेटतात आणि जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस अशाच लिहिल्या जातात. मराठीत दोन्ही सोयी आहेत. त्यामुळे दिशांचे भान भाषेवर नाही, तर कोणती सोय रोज वापरली जाते यावर ठरते. शहरात 'सिग्नलवरून डावीकडे' एवढ्यावर भागते.

४. आठवण आणि प्रश्न

घटना घडून गेल्यावर माणसाकडे तिची फक्त आठवण उरते, आणि आठवण शब्दाला फार लवकर वश होते.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या फिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्न सगळ्यांना सारखाच होता, फक्त क्रियापद वेगळे. गाड्या एकमेकींवर 'आदळून चक्काचूर झाल्या' अशा अर्थाचे क्रियापद ऐकणाऱ्यांनी सरासरी वेग ताशी सुमारे ४१ मैल सांगितला. गाड्या एकमेकींना 'टेकल्या' अशा अर्थाचे क्रियापद ऐकणाऱ्यांनी सुमारे ३२ मैल. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने पुन्हा विचारले, की फुटलेल्या काचा दिसल्या का? फितीत काचा मुळीच नव्हत्या. जोराचे क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना त्या 'दिसल्या' होत्या. साधे 'धडकल्या' ऐकलेल्या ५० जणांत अशांची संख्या ७ होती.

हे विद्यार्थी खोटे बोलत नव्हते. प्रश्नातला शब्द त्यांच्या आठवणीत मिसळून गेला आणि आठवणीने त्याला साजेसा तपशील पुरवला. न्यायालयांना हा धोका प्रयोगांच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. १८७२ च्या भारतीय साक्ष कायद्याने सूचक प्रश्नांवर, म्हणजे ज्यांत उत्तर दडलेले असते अशा प्रश्नांवर, सरतपासणीत बंधने घातली होती आणि उलटतपासणीत ते विचारायला परवानगी दिली होती. घरात आणि शाळेत असे बंधन घालणारे कोणी नसते. रडत आलेल्या मुलाला 'कोणी मारले?' असे विचारले, की मारणारा गृहीत धरला जातो. 'काय झाले?' या प्रश्नाला पडल्याचे, भांडणाचे किंवा नुसत्या भुकेचे उत्तरही येऊ शकते. लहान मुलांची साक्ष नोंदवणाऱ्यांनी पहिला प्रश्न टाळून दुसरा विचारावा, असे तज्ज्ञ सांगतात ते यासाठीच.

५. कप फुटला की फोडला?

मराठी क्रियापदांत एक सुंदर सोय आहे. फुटणे–फोडणे, तुटणे–तोडणे, फाटणे–फाडणे, पडणे–पाडणे, जळणे–जाळणे, मरणे–मारणे. पहिल्या रूपात गोष्ट घडते, दुसऱ्यात कोणीतरी ती घडवतो. शिवाय या दोहोंच्या मधली एक पायरी आहे. 'कप फुटला', 'माझ्या हातून कप फुटला', 'मी कप फोडला' ही तीन वाक्ये पाहावीत. मधल्या वाक्यात जबाबदारी स्वीकारलेली आहे आणि हेतू नाकारलेला आहे. एवढा बारीक नैतिक भेद एका 'हातून'मध्ये मावतो.

इंग्रजीत चुकून फुटलेल्या कपालाही बहुधा 'त्याने कप फोडला' अशीच वाक्यरचना वापरतात. स्पॅनिश भाषा अशा वेळी मराठीच्या 'फुटला'जवळ जाते. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की यांनी २०११ मध्ये या दोन भाषांच्या लोकांना काही चित्रफिती दाखवल्या. कोणी मुद्दाम फुगा फोडतो, कोणाच्या हातून तो चुकून फुटतो. मुद्दाम केलेल्या कृतीतला माणूस दोघांनाही सारखाच आठवला. चुकून घडलेल्या प्रसंगातला माणूस इंग्रजी भाषकांना अधिक चांगला आठवला. आपल्या भाषेत ज्याचा उल्लेख करावा लागतो, त्याच्याकडे नजर आधी जाते.

याच दोघींनी २०१० मध्ये शब्दांचा पैशांवर होणारा परिणाम मोजला. अमेरिकेत २००४ मध्ये एका फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात सहगायकाच्या हातून गायिकेचा पोशाख फाटल्याचे प्रकरण फार गाजले होते. त्याचे वर्णन काहींना 'त्याने पोशाख फाडला' अशा वाक्यात दिले आणि काहींना 'पोशाख फाटला' अशा वाक्यात. पहिले वर्णन वाचणाऱ्यांनी गायकाला दीडपटीहून जास्त दंड सुचवला. दोन्ही गटांनी घटनेची चित्रफीत डोळ्यांनी पाहिली, तरी फरक राहिला.

हे सारे लक्षात घेऊन रोजचे वर्तमानपत्र वाचावे. 'भिंत कोसळून मजूर ठार', 'उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू', 'महिलेवर अत्याचार' अशा मथळ्यांत खोटे काहीच नसते. तरीही भिंत बांधणारा, झाकण उघडे ठेवणारा, अत्याचार करणारा वाक्याबाहेर राहतो आणि वाचकाच्या मनात त्याच्याबद्दलचा प्रश्न उमटायलाही उशीर लागतो. सरकारी मराठीतली 'निर्णय घेण्यात आला', 'कार्यवाही करण्यात येत आहे' ही रचना तर कर्त्याला कायमची रजाच देते. निर्णय कोणी घेतला, कार्यवाही कोण करणार, हे त्या वाक्याला विचारताच येत नाही. जिथे कर्ता ठाऊक आहे तिथे तो वाक्यात आणणे हे भाषेच्या शुद्धतेपेक्षा न्यायाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहे.

६. तीच संख्या, दोन वाक्ये

संख्या आली की शब्दांची जादू चालणार नाही, अशी समजूत असते. ती खरी नाही.

एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रश्न असा. एका रोगात ६०० माणसे दगावण्याची शक्यता आहे. पहिल्या योजनेने २०० जण नक्की वाचतील. दुसऱ्या योजनेत सगळे वाचण्याची शक्यता एक-तृतीयांश आणि एकही न वाचण्याची शक्यता दोन-तृतीयांश. कोणती निवडाल? ७२ टक्के लोकांनी पहिली, खात्रीची योजना निवडली. दुसऱ्या गटाला तोच प्रश्न मरणाच्या भाषेत विचारला: पहिल्या योजनेत ४०० जण नक्की मरतील; दुसरीत कोणीही न मरण्याची शक्यता एक-तृतीयांश, सगळे मरण्याची दोन-तृतीयांश. आता पहिली योजना निवडणारे २२ टक्केच उरले.

वजाबाकी करून पाहावी. ६०० पैकी २०० वाचले म्हणजे ४०० गेले. दोन्ही प्रश्न अगदी एकच आहेत. 'वाचतील' ऐकले की माणूस हाती आहे ते राखू पाहतो, 'मरतील' ऐकले की जुगार खेळायला तयार होतो. १९८२ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या उपचारांबाबत असाच प्रयोग झाला, आणि त्यात भाग घेणाऱ्या डॉक्टरांवरही 'जगतात' आणि 'दगावतात' या शब्दांचा परिणाम दिसला. ज्ञानाने यातून सुटका होत नाही.

'दुप्पट' हा शब्द याहून घातक ठरू शकतो. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये इशारा देण्यात आला, की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गाठी होण्याचा धोका दुप्पट होतो. असंख्य स्त्रियांनी घाबरून गोळ्या सोडल्या. दुप्पट म्हणजे किती? सात हजार स्त्रियांत एकीला होणारा त्रास सात हजारांत दोघींना होणार होता. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात वाढले, असा अंदाज जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांनी नोंदवला आहे. गरोदरपणात रक्ताच्या गाठींचा धोका त्या गोळ्यांहून अधिक असतो, म्हणून ही घटना जास्तच चटका लावते.

उपाय सोपा आहे आणि तो दवाखान्यात, बँकेत, विमा एजंटासमोर कुठेही करता येतो. ऐकलेले वाक्य उलटे करून पुन्हा म्हणावे. 'शंभरातले नव्वद जगतात' असे ऐकले, की 'म्हणजे शंभरातले दहा दगावतात' असे मनाशी म्हणावे. 'धोका दुप्पट' ऐकले, की 'कितीचा किती झाला?' असे विचारावे.

७. भावनेला नाव

हल्ली मराठी बोलण्यात 'टेन्शन' हा शब्द अनेक जुन्या शब्दांची जागा एकटा भरून काढतो. परीक्षेआधीची धाकधूक, मुलगी रात्री उशिरापर्यंत आली नाही म्हणून वाटणारी काळजी, हप्ते थकल्यावरची धास्ती, वरिष्ठांचे दडपण, दूर गेलेल्या माणसासाठीची हुरहूर, सगळ्याला 'टेन्शन'. या पाचांवरचे उतारे मात्र वेगवेगळे आहेत. धाकधूक तयारीने कमी होते, काळजी एका फोनने, धास्तीला हिशेबाची वही उघडावी लागते, दडपणाबद्दल कोणाशी तरी बोलावे लागते आणि हुरहूर सोसावीच लागते. नाव मोघम राहिले की उपायही मोघम राहतो. आपल्या भावना बारकाईने वेगळ्या ओळखणारी माणसे त्या चांगल्या सांभाळतात, असे लिसा फेल्डमन बॅरेट यांच्यासारख्या संशोधकांचे म्हणणे आहे.

भावनेला नाव दिल्याने ती थोडी निवते, याला प्रयोगांचाही आधार आहे. मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले, की रागीट किंवा भेदरलेल्या चेहऱ्याचे चित्र पाहताना त्या भावनेचे नाव निवडणाऱ्यांच्या मेंदूत, भीतीशी जोडलेल्या बदामाच्या आकाराच्या भागातली हालचाल मंदावते. २०१२ मध्ये कोळ्याची तीव्र भीती असलेल्या ८८ जणांवर प्रयोग झाला. जिवंत कोळ्यासमोर उभे करून काहींना आपली भीती स्पष्ट शब्दांत बोलायला सांगितले: हा ओंगळ कोळी माझ्या अंगावर उडी मारेल अशी भीती वाटते. काहींना स्वतःची समजूत घालायला सांगितले, काहींना लक्ष दुसरीकडे वळवायला. आठवड्याने पुन्हा कोळ्यासमोर आणल्यावर भीती बोलून दाखवणाऱ्यांच्या तळहातांना घाम कमी होता. 'काही नाही होत, घाबरू नकोस' ही घरोघरची समजूत प्रेमापोटी असते, पण 'कशाची भीती वाटते ते सांग' याने जास्त साधते.

८. माणसांना दिलेली नावे

इथे प्रश्न सर्वांत धारदार होतो, कारण शब्द निवडणारा एक आणि तो सोसणारा दुसरा.

अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द गांधीजींनी १९३० च्या दशकात रूढ केला. १९३३ मध्ये त्यांनी त्याच नावाचे साप्ताहिक काढले. हेतू सन्मानाचा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो शब्द स्वीकारला नाही आणि १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात तो कायद्यात आणण्याविरुद्ध ते आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले. त्यांच्या पत्रांची नावे पाहावीत: १९२० चे 'मूकनायक', १९२७ चे 'बहिष्कृत भारत'. 'बहिष्कृत' म्हटले की बहिष्कार घालणारा कोणीतरी असतो. 'हरिजन' शब्दातून तो नाहीसा होतो आणि उरतो फक्त देवाचा लाडका माणूस. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने निवडलेला 'दलित' हा शब्दही तुडवले गेल्याची, म्हणजे पर्यायाने तुडवणाऱ्याची आठवण देतो. फुटला आणि फोडला यांतले जे अंतर कपाच्या बाबतीत होते, तेच इथे एका समाजाच्या इतिहासाबाबत आहे. म्हणून आपले नाव आपणच ठेवण्याचा आग्रह हा मानापमानाचा किरकोळ मुद्दा नव्हे.

नुसता गोड शब्द फार दिवस गोड राहत नाही, हेही तितकेच खरे. 'पांगळा' वाईट वाटू लागला म्हणून 'अपंग' आला, तो नको म्हणून 'विकलांग', आणि अलीकडे 'दिव्यांग'. शेवटच्या शब्दावर अपंगांच्याच अनेक संघटनांनी आक्षेप घेतला: दिव्यत्व नको, उतार असलेले प्रवेशद्वार आणि नोकरी हवी. भोवतालची वागणूक तीच राहिली, तर तिचा कलंक नव्या शब्दालाही काही वर्षांत चिकटतो.

कुष्ठरोगाचा इतिहास या दोन्ही बाजू एकत्र दाखवतो. मराठीत या आजाराला 'महारोग' म्हणत. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याला स्थापन केलेल्या संस्थेचे नाव 'महारोगी सेवा समिती' असेच आहे. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला होता, तरी 'महारोग' या नावात पाप, शाप आणि वंशाला लागलेला डाग हे सारे कायम राहिले. पुढे रोग्याला दवाखान्यात यायचा संकोच कमी वाटावा म्हणून आरोग्य खात्याने आणि कार्यकर्त्यांनी 'कुष्ठरोग' हा शब्द रुजवला. पण शब्दाला खरे बळ आले ते औषधाने. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. एवढे होऊनही भारतातल्या विवाहविषयक कायद्यांत जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे किंवा वेगळे राहण्याचे कारण म्हणून तसेच राहिले होते. पाच कायद्यांतून ते काढून टाकणारी दुरुस्ती संसदेने २०१९ मध्ये केली.